फळा आणि पाटी : सर्व्हरवरील सामाईक आणि स्वतंत्र स्थितीविषयी



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला बोलावलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. ज्या शाळेने अक्षर दिले त्या शाळेच्या व्यासपीठावर बोलताना आनंदापेक्षा संकोच अधिक वाटतो. या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास आणि समाजकारण यांवर अधिकारी व्यक्तींनी विचार मांडले आहेत. माझा व्यवसाय संगणकाच्या आज्ञावली रचण्याचा. तेव्हा त्याच क्षेत्रातला, वरवर रूक्ष वाटणारा एक प्रश्न मी निवडला आहे. तो प्रश्न असा : अनेकांची सेवा करणाऱ्या संगणकाने कोणती गोष्ट सर्वांसाठी एकच ठेवावी आणि कोणती ज्याची त्याची वेगळी ठेवावी? तंत्रज्ञांच्या भाषेत याला सर्व्हरवरील ऑब्जेक्टची सामाईक स्थिती आणि प्रत्येक क्लायंटची स्वतंत्र स्थिती असे म्हणतात. मला असे वाटते, की हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. आपल्या सीमाभागातील माणसाला तर तो उपजतच परिचित आहे.

प्रथम संज्ञांचा उलगडा करू. जो संगणक सेवा देतो तो सर्व्हर आणि जो सेवा मागतो तो क्लायंट. बँकेच्या खिडकीवरचा संगणक, एटीएमचे यंत्र, आपल्या खिशातला मोबाईल हे सारे क्लायंट होत. आज्ञावलीत माहिती आणि त्या माहितीवर करावयाची कामे यांची एकत्र मोट बांधली, की तिला ऑब्जेक्ट म्हणतात. त्या ऑब्जेक्टला एखाद्या क्षणी जे काही ठाऊक असते, ती त्याची स्थिती. खात्यात शिल्लक किती, रांगेत किती माणसे, समोरच्या ग्राहकाने कोणती भाषा निवडली, ही सारी स्थितीची उदाहरणे.

शाळेत बसलो आहोत, तर दाखला शाळेचाच घेऊ. वर्गात फळा एकच असतो आणि पाट्या साठ असतात. फळ्यावरचा मजकूर सर्वांचा. तो पुसला तर सर्वांचाच पुसला जातो. पाटी ज्याची त्याची; एकाने आपली पाटी पुसली म्हणून शेजाऱ्याचे गणित बिघडत नाही. गुरुजींनी फळा काढून टाकला तर साठ पाट्यांवर साठ प्रकारचे धडे होतील. पाट्या काढून घेऊन सर्वांनी फळ्यावरच गणित सोडवावे असे ठरवले, तर गोंधळाला पारावार उरणार नाही. सर्व्हरची रचना करणाऱ्यापुढे नेमकी हीच निवड असते.

ही निवड आज्ञावली रचण्याच्या साधनांनी नावे देऊन समोर ठेवली आहे. मायक्रोसॉफ्टने २००२ साली डॉटनेट ही प्रणाली आणली, तेव्हा दूरच्या संगणकावरील ऑब्जेक्ट वापरण्याचे तीन प्रकार तीत होते. पहिल्यात प्रत्येक मागणीसाठी नवा ऑब्जेक्ट जन्माला येतो आणि उत्तर देऊन संपतो. दुसऱ्यात सर्व क्लायंटांसाठी एकच ऑब्जेक्ट असतो. तिसऱ्यात प्रत्येक क्लायंटला त्याचा स्वतंत्र ऑब्जेक्ट मिळतो. जावा भाषेतील सर्व्हलेट या प्रकारात साधारणपणे ऑब्जेक्ट एकच असतो आणि अनेक मागण्या एकाच वेळी त्याच्यातून वाहत असतात. क्लायंटची वेगळी माहिती ठेवायची तर तिच्यासाठी सत्राची, म्हणजे सेशनची, वेगळी सोय करावी लागते. वेबची मूळ घडणच विसरभोळी आहे. एक मागणी पुरी झाली, की मागणारा कोण होता हे ती लक्षात ठेवत नाही. म्हणून नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ साली कुकी नावाची युक्ती योजली. सर्व्हर क्लायंटच्या हाती एक लहानशी चिठ्ठी देतो. पुढच्या वेळी ती चिठ्ठी दाखवली, की सर्व्हरला ओळख पटते.

आता चुका कुठे होतात ते पाहू. पहिली चूक म्हणजे पाटीवरची गोष्ट फळ्यावर लिहिणे. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेची आज्ञावली तपासण्याचे काम माझ्याकडे आले. तक्रार अशी होती, की गर्दीच्या दिवशी एका खिडकीवर भलत्याच खातेदाराचे कर्ज दिसते. दुपारी, खिडकी एकच उघडी असताना, सारे सुरळीत चाले. कारण शोधता असे दिसले, की ती आज्ञावली रचणाऱ्याने 'चालू खातेदार' ही नोंद सर्व खिडक्यांच्या सामाईक ऑब्जेक्टमध्ये ठेवली होती. पहिल्या खिडकीने एक नाव लिहिले. ते वापरले जाण्यापूर्वीच दुसऱ्या खिडकीने त्यावर दुसरे नाव लिहिले. दुरुस्ती चार ओळींची होती : ती नोंद सामाईक जागेतून काढून प्रत्येक मागणीच्या स्वतःच्या जागेत ठेवली. पण दरम्यान जे घडले ते चार ओळींत मावणारे नव्हते. लहान गावात कुणाच्या नावावर किती थकबाकी आहे, ही बातमी शेजारणीच्या कानी जाणे म्हणजे एखाद्या घरात ठरत आलेली सोयरीक मोडणेही असू शकते. यंत्राच्या दृष्टीने ती केवळ एका चलाची जागा होती. माणसाच्या दृष्टीने ती अब्रू होती.

अशी चूक केवळ लहान संस्थांतच होते असे नाही. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या संगणकीय खेळांच्या विक्रीकेंद्रावर सुमारे ३४,००० ग्राहकांच्या खात्यांची पाने इतरांना दिसण्याचा प्रसंग आला. एका ग्राहकासाठी बनवलेले पान सर्वांसाठीच्या तात्पुरत्या साठ्यात ठेवले गेले होते. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटी वापरणाऱ्या काहींना परक्या माणसांच्या संभाषणांची शीर्षके दिसली. तेथे सर्व्हर आणि त्याचा साठा यांना जोडणाऱ्या वाटा सामाईक होत्या. एकाने मागणी करून ती मध्येच सोडून दिली. तिचे उत्तर वाटेत तसेच पडून राहिले आणि त्याच वाटेने आलेल्या दुसऱ्याच्या हाती पडले. वाट सामाईक असण्यात दोष नव्हता. आधीच्याचे सामान उचलल्याखेरीज ती पुढच्याला दिली गेली, हा दोष होता.

दुसरी चूक म्हणजे जे खरोखरच सामाईक आहे ते पाळीशिवाय वापरणे. आपल्याकडे भावकीत सामाईक विहीर असते. उताऱ्यावर तिची तशी नोंदही असते. पीक ज्याचे त्याचे, पण पाणी सर्वांचे, म्हणून पाळी ठरलेली असते. संगणकातही तेच. समजा, खात्यात १०,००० रुपये आहेत. एका खिडकीवर २,००० भरले जात आहेत आणि त्याच क्षणी दुसऱ्या खिडकीवर ३,००० काढले जात आहेत. दोन्ही खिडक्यांनी १०,००० हा आकडा वाचला. पहिलीने १२,००० लिहिले, लगेच दुसरीने ७,००० लिहिले. खरी शिल्लक ९,००० हवी होती. दोन्ही कारकुनांनी बेरीज-वजाबाकी अचूक केली आणि तरी हिशेब चुकला! दोष गणिताचा नव्हे, पाळीचा आहे. वाचणे, बदलणे आणि लिहिणे ही तीन कामे एका दमात, दुसऱ्याला मध्ये शिरू न देता झाली पाहिजेत. डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात यासाठी सेमाफोर हे साधन मांडले. आज आपण त्या जातीच्या साधनांना सरसकट कुलूप म्हणतो.

पाळी चुकल्याने माणसे दगावल्याचेही उदाहरण आहे. थेरॅक-२५ हे कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात त्याच्याकडून सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांची मात्रा मिळाली. काहींचा त्यात अंत झाला. यंत्राच्या आज्ञावलीतील निरनिराळी कामे एकाच सामाईक नोंदीवर पुरेशा बंदोबस्ताशिवाय चालत होती. यंत्र चालवणाऱ्याने भराभर दुरुस्ती केली, तर ती एका कामाला कळे आणि दुसऱ्याला कळत नसे.

कुलपांचाही अतिरेक होऊ शकतो. एका भावाने विहिरीवरचा ताबा घेतला आणि तो मोटारीसाठी खोळंबला. दुसऱ्याने मोटार घेतली आणि तो विहिरीसाठी खोळंबला. दोघेही हक्काने बसून आहेत आणि दोघांचीही पिके वाळत आहेत. अशा कोंडीवर साधा उपाय आहे : सर्वांनी नेहमी एकाच क्रमाने वस्तू मागाव्यात, आधी विहीर, मग मोटार. त्याचप्रमाणे कुलूप हाती असताना लांबलचक काम करू नये. घ्यावे, थोडक्यात काम उरकावे, सोडावे.

तिसरी चूक पहिलीच्या उलट आहे : फळ्यावरची गोष्ट पाट्यांवर वाटून टाकणे. रेल्वेच्या आरक्षणाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. पूर्वी जागांचा कोटा स्थानकांत वाटलेला असे आणि ज्याचे त्याचे रजिस्टर वेगळे असे. परतीचे आरक्षण हवे तर तार करावी लागे. एका स्थानकाचा कोटा रिकामा राही आणि दुसऱ्या स्थानकावर माणसे परत जात. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले. १९८६ मध्ये रेल्वेची क्रिस ही माहितीतंत्राची संस्था स्थापन झाली. पुढे कॉन्सर्ट नावाची प्रणाली १९९४ साली सिकंदराबादेत प्रथम कार्यान्वित झाली आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. २००२ पासून घरबसल्या तिकीट काढण्याची सोय झाली. निपाणीला रेल्वे नाही; तरी निपाणीत बसलेला माणूस आणि बेळगाव स्थानकाच्या खिडकीवर उभा असलेला माणूस राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचा एकच बर्थ एकाच क्षणी मागू शकतात. तो बर्थ दोघांपैकी एकालाच मिळतो. जागांचा तक्ता सामाईक आहे. प्रवाशाने अर्धवट भरलेला अर्ज मात्र त्याचा त्याचाच आहे. या दोहोंची गल्लत झाली नाही, म्हणून ही व्यवस्था उभी राहिली.

जमिनीच्या नोंदींची कथा तर आपल्या घरातली. कर्नाटक शासनाने २००१ च्या सुमारास भूमी प्रकल्पाद्वारे सुमारे ६७ लाख खातेदारांच्या सुमारे २ कोटी नोंदी संगणकावर आणल्या. त्यापूर्वी त्या सुमारे ९ हजार ग्रामलेखापालांच्या, आपल्या बोलीत तलाठ्यांच्या, दप्तरात होत्या. हस्तलिखित उतारा मिळणे न मिळणे दप्तर बाळगणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असे. भूमीत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या होत्या. एक, नोंद बदलणाऱ्या अधिकाऱ्याला बोटाचा ठसा देऊन आपली ओळख पटवावी लागे. सामाईक फळ्यावर कोणी लिहिले हे कायम राहावे म्हणून. दुसरी, फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकालात काढण्याची व्यवस्था होती, म्हणजे पाळी. आपल्या हाती येणारा छापील उतारा ही मात्र त्या क्षणाची प्रतिमा असते. सकाळी काढलेल्या उताऱ्यावर संध्याकाळी व्यवहार करताना मधल्या काळात फेरफार झाला नाही ना, हे पुन्हा पाहावे लागते. सामाईक स्थितीची प्रत काढली, की त्या क्षणापासून ती जुनी होऊ लागते.

येथे कुणी विचारील, की मग प्रत्येक क्लायंटसाठी सर्व्हरवर स्वतंत्र जागा राखून मोकळे का होऊ नये? कारण जागेला मोल आहे. प्रत्येकामागे ५० किलोबाइट धरले, तरी एक लाख माणसांसाठी सुमारे ५ गिगाबाइट स्मृती अडकते. आणि त्यांतील कित्येक जण निरोप न घेताच निघून गेलेले असतात. म्हणून सत्राला मुदत घालावी लागते. शिवाय मोठ्या कामासाठी एकाऐवजी दहा सर्व्हर ठेवले, तर पहिल्याने लक्षात ठेवलेले सातव्याला कसे कळावे? यावर एक उपाय म्हणजे ही माहिती सर्वांना पोहोचेल अशा वेगळ्या साठ्यात ठेवणे. दुसरा उपाय म्हणजे ती क्लायंटच्याच हाती देणे.

दुसरा उपाय निपाणीकरांना नवा नाही. बिड्या वळणाऱ्या आपल्या भगिनी पान-तंबाखू घरी नेत आणि वळलेल्या बिड्या परत आणीत. किती माल नेला, किती बिड्या दिल्या, छाट किती निघाली, याची नोंद मालकाच्या वहीत होई आणि कामगाराजवळच्या पुस्तकातही होई. ते पुस्तक म्हणजे क्लायंटने बाळगलेली स्थिती. त्यात दोन भये असतात. कामगाराने आकडा वाढवला तर? मालकाने वहीतला आकडा कमी केला तर? पुस्तकावर मालकाकडची सही असली, की दोन्ही भये आटोक्यात येतात. संगणकात हेच काम गणिती सही करते. २०१५ साली प्रमाणित झालेल्या जेसन वेब टोकन या पद्धतीत सर्व्हर चिठ्ठीवर अशी सही करून ती क्लायंटला देतो. चिठ्ठीतला मजकूर वाचता येतो, पण कुणी एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. म्हणून त्या चिठ्ठीत गुपित लिहू नये आणि तिची मुदत लहान ठेवावी. कारण एकदा दिलेली चिठ्ठी परत मागवणे अवघड असते. बिडी कामगारांसाठी केंद्रीय कायदा १९६६ साली झाला. पण नोंद दोन्हीकडे असावी ही बुद्धी त्याहून जुनी आहे. दुर्बळाच्या हाती स्वतःची सही केलेली प्रत असणे, यात त्याचे संरक्षण आहे.

आता या विषयाचा आपल्याशी सर्वांत निकटचा भाग. भाषा ही फळ्यावरची गोष्ट की पाटीवरची? एटीएमसमोर उभे राहिले, की यंत्र भाषा विचारते. आपण मराठी निवडतो, मागचा माणूस कन्नड निवडतो, त्याच्या मागचा इंग्रजी. तिघांच्या खात्यांचे नियम एकच आहेत. पडद्यावरची भाषा ज्याची त्याची आहे. भाषेची निवड सामाईक नोंदीत ठेवली, तर एकाने मराठी निवडताच सर्वांचे पडदे मराठी होतील आणि दुसऱ्याने कन्नड निवडताच सर्वांचे कन्नड! मग जो शेवटी बटण दाबील त्याची सत्ता. हा निव्वळ तांत्रिक दोष आहे. पण आपल्या भागात तांत्रिक दोषाला वादाचे रूप यायला वेळ लागत नाही.

योग्य रचना अशी असते, की पिकाचा प्रकार, जमिनीची प्रत, हक्काचे स्वरूप या गोष्टी नोंदीत सांकेतिक क्रमांकाने ठेवाव्यात आणि त्या क्रमांकाचा शब्द ज्याच्या त्याच्या भाषेत दाखवावा. नोंद एक, वाचन अनेक. हे करणे अवघड उरलेले नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांना आपापली जागा दिली आहे. संविधानाच्या ३५० क कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षण मिळावे, असे राज्यांना सांगितले आहे. शिक्षणाचे जे तत्त्व, तेच नागरिकाला मिळणाऱ्या कागदाला लावण्यास यंत्राची आडकाठी नाही, एवढे मी तंत्रज्ञ म्हणून निश्चित सांगू शकतो. तसे करावे की नाही हा निर्णय यंत्राचा नसतो, माणसांचा असतो.

एका बाबतीत मात्र सावध राहावे लागते, ती म्हणजे माणसांची आणि गावांची नावे. नाव भाषांतरित होत नाही, ते लिप्यंतरित होते आणि लिप्यंतरात अक्षर गळते. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए यांना वेगळी अक्षरे आहेत. तसेच ओ चेही आहे. मराठीत एकच ए आहे. बेळगावच्या कन्नड नावातला पहिला स्वर ऱ्हस्व आहे; मराठीत लिहिताना तो भेद दिसत नाही आणि मराठीवरून पुन्हा कन्नडमध्ये नेताना यंत्राला तो ओळखता येत नाही. म्हणून नाव यंत्राने दर वेळी बदलून दाखवू नये. धारकाने दोन्ही लिप्यांत जसे दिले तसे दोन्ही रूपांत सामाईक नोंदीतच ठेवावे. पडद्याची भाषा पाटीवरची असली, तरी नाव हे फळ्यावरचे आहे. कारण त्याच्यावर वारसा, कर्ज आणि मालकी अवलंबून आहे.

या शाळेतील पुष्कळ विद्यार्थी पुढे बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकतील. त्यांच्यासाठी चार प्रश्न ठेवतो. स्थितीची कोणतीही नोंद निर्माण करताना ते स्वतःला विचारावेत. ही गोष्ट कोणाची आहे : एका मागणीची, एका माणसाची की सर्वांची? ती किती काळ जगावी आणि ती कोणी पुसावी? दोघे एकाच क्षणी आले तर पाळी कोण लावणार? आणि ती चुकून दुसऱ्याच्या हाती पडली तर कोणाचे काय जाईल? पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ग्रंथांत सापडतात. चौथ्याचे उत्तर ज्यांची कामे आपण करतो त्यांच्याकडे पाहूनच मिळते. एका खिडकीवर तपासणी करून आज्ञावली बरोबर आहे असे मानू नये. दोन खिडक्या, दोन माणसे, दोन भाषा एकाच वेळी चालवून पाहाव्यात.

निपाणीची मुले ज्या देवचंद महाविद्यालयात पदवीसाठी जातात, ते अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीत आहे. गाव एका राज्यात, महाविद्यालय दुसऱ्यात आणि मधला रस्ता दोघांचा. सामाईक काय आणि स्वतंत्र काय, याचा विचार आपण रोजच्या जगण्यात करीत आलो आहोत. तो रीतसर आणि न्यायबुद्धीने करणे, एवढेच या शास्त्राचे आपल्याकडे मागणे आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण आज जमलो, त्यांच्या पिढीच्या शिक्षकांनी एका फळ्यावर शिकवले आणि प्रत्येक पाटीजवळ जाऊन थांबले. यंत्रांची रचना करणाऱ्यांनीही यापुढे तेवढे लक्ष ठेवावे, अशी अपेक्षा व्यक्त करतो.